पंप बघायचा राहिला

निवृत्त माणसाला गल्लीत काहीतरी पद लागतं. कुणी मंदिराच्या समितीत शिरतो, कुणी सकाळी फिरायला जाणाऱ्या टोळीचा पुढारी होतो, कुणी दिवसभर मोबाइलवर घरगुती औषधं पाठवून लोकांचा जीव खातो. मी दुरुस्तीवाला झालो. तोही फुकटचा, म्हणजे ज्याला नाही म्हणायची सोय नाही असा.

छत्तीस वर्षं मी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतले दोष काढायचे, हे माझं काम. माप लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर रद्द. पास मालावर हिरव्या रंगाचा ठिपका, रद्द मालावर लाल. एकदा ठिपका लागला की वाद संपला. मग फोरमन असो की वरचा साहेब, ती वस्तू पुन्हा उलटून कुणी बघत नसे. माझी बायको म्हणते, हा माणूस पोळीलाही माप लावून जेवतो. तिचं काही चुकत नाही. लोकांच्या चुका काढण्यात मला आनंद वाटायचा, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

घरी आल्यावर हा आनंद कुठे ठेवायचा, हा प्रश्न होता. मागच्या पडवीत एक टेबल टाकलं आणि शेजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या, पंखे जमायला लागले. माझा स्वतःचा जीव जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंवर, पण ते क्वचित मिळायचे. मार्च उजाडला की मात्र कूलरांची रांग लागे. आमच्याकडे एप्रिल-मे कूलरशिवाय काढता येत नाहीत. लोखंडी पत्र्याचे मोठे कूलर, वर्षभर मागच्या अंगणात गंज खात पडलेले. मी त्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलायचो, मोटरीला तेल द्यायचो, पंपाची वायर बघायचो. मग टाकी पाण्याने भरून पंखा आणि पंप दोन्ही अर्धा तास चालवायचे आणि टेस्टर घेऊन चारही बाजूंचा पत्रा तपासायचा. दिवा लागला नाही, तर पत्र्यात करंट नाही. एवढं सगळं झालं की डबीतल्या हिरव्या रंगात ब्रश बुडवून मी कोपऱ्यात एक ठिपका द्यायचो.

सुरुवातीला ती माझीच गंमत होती. पण गल्लीने ती मनावर घेतली. हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या बायका विचारायच्या, "दादा, टिक्की लगा दी क्या?" टिक्की नसली तर त्या कूलरला हात लावत नसत. कारखान्यात माझा ठिपका लोक नाइलाजाने मानत. इथे तो लोक मागून घेत होते. मला हे फार आवडायचं.

शेजारचं घर माझ्या मित्राचं. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. तो त्याच कारखान्यात मशीनवर होता आणि त्याचं काम मी तपासायचो, म्हणजे आमची मैत्री भांडणातूनच झाली. एकदा त्याचा अख्खा लॉट मी रद्द केला, तेव्हा तो दोन महिने बोलला नव्हता. मग एके दिवशी कॅरमचा बोर्ड काखेत मारून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल बे, इथं कोणतं माप लावतो ते पाहू." तेव्हापासून तीस वर्षं रोज संध्याकाळी आमचा एक डाव व्हायचा. तो माझ्या अगदी उलटा. हेल्मेट नाही, औषधाची वेळ नाही, तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत उतरला की लोकांनी नको नको म्हणत असताना थेट खोल पाण्यात. साऱ्या गल्लीला तो हवा असायचा. मला तो एकच मित्र होता. दुसरा करायची मला कधी गरज पडली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वभावाला दुसरा मिळालाही नसता.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याचा कूलर केला. घराच्या मागच्या खिडकीला बाहेरून लावलेला, जुना पण दणकट. दुपारभर बसून मी ताट्या बदलल्या, पंपाच्या तुटक्या वायरीला नवी वायर जोडली, जोडावर काळी टेप गुंडाळली आणि बाजूचा पत्रा दाबून बंद केला. आता टाकी भरायची, तर त्या दिवशी नळच आला नव्हता. कुठेतरी पाइप फुटला होता आणि गल्लीत सगळे पिण्याचं पाणी जपून वापरत होते. कोरडा पंप चालवला तर जळतो. म्हणून पंपाचं बटण बंद ठेवून मी नुसता पंखा चालवला. वारा छान आला. टेस्टर लावला, दिवा लागला नाही.

मित्र चहा घेऊन बाजूला उभा होता. वहिनींनी खिडकीतून विचारलं, "झालं का भाऊजी?" मी हो म्हणालो आणि ब्रश रंगात बुडवला.

त्या क्षणाकडे मी वर्षभर बघतो आहे. मला घाई नव्हती. कुणी आग्रह केला नव्हता. दिवसभराचं काम संपल्यावर शेवटी ठिपका द्यायचा, ही हाताची सवय, आणि दोघं माणसं कौतुकाने बघत होती. पंप उद्या पाणी आलं की बघू, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो नाही. तेवढं एक वाक्य मोठ्याने बोललो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. छत्तीस वर्षांत अर्धवट तपासलेल्या मालावर मी कधी ठिपका दिला नाही. तसा देणाऱ्या एका पोराला मी सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं की तो रडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मी जाणारच होतो. चपला घातल्याही होत्या. तेवढ्यात जवळच्या पनागर गावचा एक शेतकरी, जो आमच्या गल्लीत भाजी विकायला येतो, पोत्यात गुंडाळून त्याच्या वडिलांचा रेडिओ घेऊन आला. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो की बाबा, फेकू नको, मला एकदा उघडून तरी बघू दे. लाकडी खोक्याचा, आत सगळे व्हॉल्व्ह शाबूत. मी चपला काढल्या आणि बसलो. जेवायला बायकोने दोनदा हाक मारली. दुपारी एकदा मला शेजारचा कूलर आठवला. हे मला अगदी स्वच्छ आठवतं. एवढा एक जोड झाला की जातो, असं म्हणून मी पुन्हा मान खाली घातली.

चारच्या सुमाराला रेडिओ घुमला, खरखरला आणि आतून कुणीतरी हिंदीत बातम्या सांगायला लागलं. मी बायकोला ऐकायला बोलावलं. लहान मुलासारखा खूश होतो मी. त्या आवाजातच भिंतीपलीकडून वहिनींची किंकाळी आली.

मागच्या अंगणात तो उताणा पडला होता. अनवाणी. बादली लवंडलेली, फरशीवर सगळीकडे पाणी. चालू कूलरमध्ये तो पाणी ओतायला गेला होता आणि त्याने पत्र्याला हात टेकला होता. वहिनींनी मेन स्विच पाडला होता, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. कारखान्यात शिकवलं होतं तसं मी त्याची छाती दाबत राहिलो. कुणीतरी गाडी आणली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी डोळे बघितले आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मला तिथेच कळलं.

त्याच संध्याकाळी वीजवाला आणि एक पोलीस येऊन कूलर बघून गेले. वीजवाला म्हणाला, "चलते कूलर में पानी डाल रहे थे, नंगे पैर। हर गर्मी में यही देखते हैं।" वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी त्याला सांगितलं की कूलर ठीक आहे, कालच भाऊजींनी तपासला, बघा, ठिपका आहे. "मी किती वेळा सांगितलं यांना, प्लग काढूनच पाणी भरत जा." वीजवाल्याने ठिपक्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. त्याने बाजूचा पत्रा उघडला नाही.

ते गेल्यावर मी उघडला. माझी नवी वायर पत्र्याच्या धारेखाली चिरडली होती. आतलं तांबं चकाकत होतं. पत्रा दाबून बंद करताना मीच ती दाबली होती. पंपाचं बटण बंद होतं, म्हणून आदल्या दिवशी त्या वायरीत करंटच नव्हता आणि माझा टेस्टर गप्प राहिला. टाकी भरून पंप चालवला असता तर दिवा पहिल्याच मिनिटाला लागला असता. हा सगळा शोध लागायला मला अर्धं मिनिट लागलं. दोष काढण्यात मी कधीच कमी नव्हतो.

बायकोला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मुद्दाम केलं का तुम्ही? नाही ना? मग गप राहा. बोललात तर या गल्लीत राहायचं कसं आपण? आणि तिला तरी सांगून काय मिळणार आहे?" मला असंच काहीतरी ऐकायचं होतं. म्हणूनच मी आधी तिला सांगितलं, हे आता मला कळतं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी वहिनी बँकेच्या कामाला गेल्या असताना मी मागची बुटकी भिंत ओलांडून त्यांच्या अंगणात गेलो आणि चाकूने तो ठिपका खरवडून काढला. मग भंगारवाल्याला हाक मारून कूलर उचलायला लावला. वहिनींना सांगितलं की त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्या म्हणाल्या, बरं केलं भाऊजी, मलाही नव्हतं बघवत. मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो. त्यांना वाटलं दुःखाने.

दुःख होतंच. पण भीती जास्त होती, आणि तिचं नाव मी दुःख ठेवलं होतं.

मला वाटलं होतं की आता त्या रडतील, खचतील, मग हळूहळू सावरतील. तसं झालं नाही. वहिनी संतापल्या आणि संतापलेल्याच राहिल्या. गल्लीतल्या बायका संध्याकाळी ओट्यावर बसतात, तिथे त्या रोज तेच सांगायच्या. माझ्या नवऱ्याने ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर कुणाचंच ऐकलं नाही. एक प्लग काढायचा होता, तेवढंही नाही झालं. मग बायकाही आपापल्या घरी नवऱ्यांना, मुलांना त्याचंच उदाहरण द्यायच्या. "उनके जैसा मत करो." हळूहळू त्याचं हेल्मेट न घालणं, साखर वाढलेली असताना जिलबी खाणं, खोल पाण्यात जाणं, सगळं निघालं आणि त्याच एका माळेत ओवलं गेलं. ज्याच्याशिवाय होळी पेटत नव्हती, त्या माणसाचं वर्षभरात फक्त एवढंच उरलं, की चालू कूलरमध्ये पाणी घालून मेला तो. मी ओट्यावरून जायचो तेव्हा त्या मला साक्षीला थांबवायच्या. "विचारा भाऊजींना. काय भाऊजी, सांगितलं होतं ना आपण?" मी मान डोलवायचो.

दुरुस्तीचं टेबल मी काढून टाकलं. डोळ्यांना दिसत नाही, असं सांगितलं. कॅरमच्या वेळेला मी घराची दारं लावून बसायला लागलो. पनागरच्या त्या शेतकऱ्याने रेडिओ घेऊन जाताना तो लावून पाहिला, आनंदाने माझ्या पाया पडला, आणि मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

यंदा वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर आठवड्याभराने एका सकाळी वहिनी आमच्या दारात आल्या. त्यांची मुलगी रायपूरला असते. तिला चार वर्षांची लेक आहे. "येत्या मे महिन्यात येऊन राहिली ती, छोटीला घेऊन," वहिनी म्हणाल्या. "पोरीला गर्मी सहन नाही होत. नवा कूलर आणून ठेवला, पण मी अजून प्लग नाही लावला. तुमचे डोळे बरे नाहीत, माहीत आहे मला. तरी एकदा येऊन बघून द्या. तुमचा ठिपका लागल्याशिवाय मी छोटीला त्या खोलीत झोपवणार नाही."

मी त्यांच्या मागोमाग गेलो. खोलीत नवा कोरा कूलर उभा होता, प्लास्टिकचा, कागदही न काढलेला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मला जाणवलं की आता मी याला हात लावला, तर मग कधीच बोलणार नाही. मरेपर्यंत या घरात ठिपके देत राहीन. मी खुर्ची ओढून बसलो आणि वहिनींना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. पाणी नव्हतं ते, पंप बघायचा राहिला ते, रेडिओ, चिरडलेली वायर, खरवडलेला ठिपका, भंगारवाला. काही गाळलं नाही, असं तेव्हा मला वाटलं. बोलताना मी फरशीकडे बघत होतो.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे वायर तुम्ही दाबली."

"हो."

"आणि त्यांनी प्लग काढला असता तर?"

"तर वाचला असता. पण वहिनी, सगळी गल्ली चालू कूलरमध्ये पाणी भरते. मीसुद्धा भरतो. कूलर धड असला तर काही होत नाही. तो धड नव्हता, आणि धड आहे असं मी लिहून दिल्यासारखं होतं ते."

त्यांनी भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे पाहिलं. त्याला हार नव्हता. वर्षश्राद्धाच्या दिवशीचा हार त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता.

"एक वर्ष मी यांना शिव्या देऊन राहिली, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सकाळी दिवा लावताना पण. मी रडलीच नाही. राग इतका होता की रडूच नाही आलं. नातीला सांगितलं मी, तुझे आजोबा ऐकत नव्हते कुणाचं, म्हणून मेले. चार वर्षांच्या पोरीला सांगितलं. आणि तुम्ही रोज इथून जात होते. मान हलवत होते."

मी हात जोडले. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी मोबाइल उचलला आणि मुलीला व्हिडिओवर फोन लावला. मुलगी ऑफिसला जायच्या घाईत होती, केस विंचरत होती. वहिनी तिला म्हणाल्या, "काका काही सांगून राहिले. बसून ऐक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिंदीत सांगा. तिला मराठी सगळी नाही कळत, आणि हे मला तिला नीट कळायला पाहिजे." मोबाइल त्यांनी माझ्या तोंडासमोर धरला.

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, हिंदीत. सोपं करून, एकेक वाक्य. तुम्हारे पापा की गलती नहीं थी, बेटा. मेरी थी. तिचा कंगवा केसांत अडकलेला तसाच राहिला. ऐकून झाल्यावर तिने तो काढून बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, "काका, तेरहवीं के दिन मैंने आपसे अकेले में पूछा था, कि कूलर में कोई खराबी तो नहीं थी? याद है?"

मी म्हणालो, याद है.

"आपने क्या कहा था?"

मी वहिनींकडे पाहिलं. मोबाइल धरलेला त्यांचा हात ताठ होता. त्यांना हे माहीत नव्हतं.

"बोलिए ना काका. मम्मी को भी सुनने दीजिए."

"मैंने कहा था," मी म्हणालो, "कि कूलर मैंने खुद देखा था, बिल्कुल ठीक था. तुम्हारे पापा शुरू से ही लापरवाह थे."

वहिनींच्या हातातून मोबाइल खाली पडला. त्या तिथेच फरशीवर बसल्या, त्याच्या फोटोखाली, आणि वर्षभरात न आलेलं रडू त्यांना आलं. मोठ्याने, तोंडात पदर न कोंबता. मोबाइलमधून मुलगी मम्मी, मम्मी म्हणत होती. मी उठून त्यांना पाणी द्यायला हवं होतं. त्या घरात पेला कुठे आणि माठ कुठे, हे तीस वर्षांपासून मला माहीत आहे. पण त्या घरातल्या कशालाही हात लावायचा हक्क आता मला उरला नव्हता, आणि मी खुर्चीवर तसाच बसून राहिलो.